टाकी ते टाकी : पुतण्याच्या मोटरसायकलचा हिशेब



या सदरात एरवी आपण खते, बियाणे, उसावरची कीड यांविषयी बोलतो. आज मोटरसायकलविषयी लिहिणार आहे. कृषी विस्ताराचे काम करणाऱ्याने हा उद्योग कशाला करावा, असे कुणी विचारील. पण आमचे निम्मे आयुष्य मोटरसायकलवरच गेले आहे. शिवाय हा प्रश्न आमच्याच घरात उभा राहिला आणि त्यावरून बाप-लेकांत तीन आठवडे अबोला होता.

माझे थोरले बंधू कऱ्हाडजवळ गावी राहून शेती पाहतात. तीन एकर ऊस, थोडे सोयाबीन, दोन म्हशी. त्यांच्या मुलाने २०२४ च्या दिवाळीत एक जुनी मोटरसायकल घेतली. रॉयल एनफिल्डची हिमालयन, ४११ सी. सी., २०१८ चे मॉडेल. ही गाडी २०१६ साली बाजारात आली. पहिल्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता, पुढे इंधन फवारणारी इंजेक्शन पद्धत आली. पुतण्याची गाडी इंजेक्शनची. २०२३ अखेर कंपनीने ४५० सी. सी.ची नवी हिमालयन आणली, त्यामुळे ही आता जुन्यात जमा झाली आणि परवडेल अशा भावात मिळू लागली.

ही लांबच्या, खडतर प्रवासाची जात. उंच, रुंद हँडलची, पुढचे चाक एकवीस इंचाचे. बसणारा ताठ बसतो. खाचखळग्यांतून, ओढ्यातून जावे आणि त्याच गाडीने हजार किलोमीटरचा डांबरी रस्ताही तोडावा, असा तिचा बेत. या जातीला नाव मिळाले ते जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९८० सालच्या आर ८० जी/एस या गाडीपासून. पुढच्याच वर्षी त्या गाडीने पॅरिस ते डकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली. आमच्या पुतण्याला वाळवंट नको होते, त्याला मनालीहून लेहला जायचे होते. दोन मित्रांबरोबर जुलैचा बेत ठरला होता.

घरात ठिणगी पडली ती ॲव्हरेजवरून. पुतण्या म्हणे, लिटरला तेवीस मिळते. दादा म्हणाले, "आरं, ही गाडी हाय का विहिरीवरचं इंजिन?" त्यावर पुतण्याने उत्तर दिले, "गाडीत खोट नाही. पेट्रोलच तसलं मिळतंय. उसाची दारू घालत्यात त्यात." दादांना हे लागले. तीन एकर ऊस ज्याच्या जिवावर उभा, त्याला पोराने असे बोलावे! "त्याच दारूवर तुझं शिक्षण झालं," एवढे बोलून ते गोठ्यात गेले. लेहला जायचे नाही, हेही त्यांनी वहिनींमार्फत कळवले.

मी शनिवारी गावी गेलो तेव्हा वहिनींनी मला चहाबरोबर हे सगळे सांगितले. मी पुतण्याला एकच विचारले, "तेवीस कसे काढलेस?" तो म्हणाला, "पाचशेचं पेट्रोल टाकलं, काटा लालवर आला तोवर किती पळाली ते बघितलं." हे म्हणजे पोत्यांकडे लांबून बघून एकरी उतारा सांगण्यासारखे झाले. काटा टाकीच्या आकारावर आणि गाडी कशी उभी आहे त्यावर हलतो. पाचशे रुपये टाकले तेव्हा आत आधी किती होते, कुणास ठाऊक?

खरे मोजमाप सोपे आहे. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची. टाकी भरताना पेट्रोल एका ठरावीक खुणेपर्यंत येऊ द्यायचे, तोंडोतोंड नव्हे. किलोमीटरचा आकडा वहीत लिहायचा. मग नेहमीप्रमाणे गाडी वापरायची. अडीचशे-तीनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर, त्याच स्टँडवर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरायची. जितके लिटर बसले तितके जळले. किलोमीटरला लिटरने भागायचे. पन्नास किलोमीटरवर मोजू नये. अर्धा लिटर इकडे-तिकडे झाला तरी तेवढ्यात आकडा चार-पाचने फिरतो. एकदा मोजून निकालही देऊ नये. प्लॉटवरचे प्रयोग आपण एका वाफ्यावर करत नाही, तसेच हे.

पुतण्याने वही केली. पहिली टाकी आहे त्या स्थितीत : गाव, बाजार, डेअरी, शेत. ३१२ किलोमीटर, १२.४ लिटर. म्हणजे २५.२. तेवीस नव्हे, पण फार उजेडही नाही.

मग गाडीकडे बघितले. आधीच्या मालकाने मागे मोठ्या गठ्ठ्यांचे टायर घातले होते, दिसायला झकास. ट्रॅक्टरचे टायर नांगरात चांगले आणि डांबरावर खाणारे, हे तुम्हांला सांगायला नको. त्यात हवा कमी. टायर दबला की प्रत्येक फेऱ्यात रबर चेपते आणि सुटते, तेवढी ताकद उष्णता होऊन वाया जाते. चेन कोरडी ठक्क, तिच्यावर लाल मातीचा लेप. एअर फिल्टर तर असा की, उसाच्या ट्रॅक्टरमागून वर्षभर फिरल्याची साक्ष देत होता. मागचा ब्रेक किंचित धरत होता. चाक हाताने फिरवले की दीड फेऱ्यात थांबे.

गावातल्या मिस्त्रीकडे नेली. या इंजिनात व्हॉल्व्हची फट स्क्रू-नटाने जुळवता येते, त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. मिस्त्रीने ती पुस्तिकेतल्या मापाने जुळवली, फिल्टर बदलला, प्लग नवा घातला, चेन धुऊन तेल दिले, ब्रेक मोकळा केला. हवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याइतकी, पुढे कमी आणि मागे जास्त, सकाळी टायर थंड असताना भरली. टायर मात्र तेच ठेवले, कारण लेहच्या वाटेवर त्यांचा उपयोग होता. दुसरी टाकी : तेच गाव, तीच डेअरी. ३१८ किलोमीटर, ११.४ लिटर. २७.९. पावणेतीन किलोमीटर नुसत्या निगेने वाढले.

तिसरी आणि चौथी टाकी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याला कामासाठी दोनदा पुण्याला जायचे होते. मी म्हटले, सामानाच्या दोन्ही पेट्या लावून जा. एकदा तुझ्या मनासारखी चालव, एकदा माझ्या. त्याच्या मनासारखी म्हणजे महामार्गावर पंचाण्णव-शंभरने. जाऊन-येऊन ३३१ किलोमीटर, १३.२ लिटर. २५.१. माझ्या मनासारखी म्हणजे पासष्ट ते सत्तर, उगाच गिअर न खेचता, खंबाटकी घाटातही घाई न करता. ३३० किलोमीटर, १०.५ लिटर. ३१.४. तीच गाडी, त्याच पेट्या, तोच पंप. एका वाटेला अर्धा-पाऊण तास जास्त लागला, तेवढ्यासाठी तो कुरकुरलाच.

कारण वाऱ्यात आहे. वेग सत्तरवरून शंभर केला तर वाऱ्याचा अडसर दीडपट नाही, दुप्पट होतो, आणि तो कापायला लागणारी ताकद जवळजवळ तिप्पट. खाली वाकून बसायच्या गाडीला हे कमी जाणवते. ताठ बसलेला माणूस, उभी काच आणि दोन्ही बाजूंना पेट्या म्हणजे वाऱ्यात धरलेले दार. शिवाय या गाडीचे इंजिन लांब दट्ट्याचे आहे, ७८ मिलिमीटर व्यास आणि ८६ मिलिमीटर धाव. ताकद २४.५ अश्वशक्ती, पण ओढ चांगली, आणि ती मध्यम फेऱ्यांवर मिळते. बैलजोडीसारखे, दमादमाने चालवले की खूष. तिला घोड्यासारखे पळवायचे आणि मग वैरण जास्त खाते म्हणून ओरडायचे, यात तिचा काय दोष?

आमच्या तरुणपणी गावोगाव डिझेलची बुलेट होती, ती काही वाचकांना आठवत असेल. ३२५ सी. सी., साडेसहा अश्वशक्ती, पंपाला वगैरे जोडतात तसल्या जातीचे इंजिन. आवाज असा की, पाव्हणा वेशीवर असतानाच घरात चहा टाकावा. पण लिटरला सत्तर-ऐंशी सहज देई, आणि डिझेल त्या वेळी स्वस्त. शेतकऱ्यांनी ती त्यासाठीच घेतली. डिझेल इंजिनाचा गुण होताच. पण ती पासष्टच्या पुढे फारशी जातच नसे, हाही त्या ॲव्हरेजमधला मोठा वाटा होता.

आता उसाच्या दारूकडे येतो. कारण भांडण तिथे होते, आणि ते निम्मे-निम्मे दोघांचेही खरे होते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात हे सर्वांना ठाऊक आहे. २०२२ च्या मध्याला देशात हे प्रमाण दहा टक्क्यांवर आले, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल उसाचा रस, पाक आणि मळी यांपासून होते, तसेच मका आणि तुटक्या तांदळापासूनही. उसाच्या रसापासून थेट केले तर टनाला साधारण सत्तर लिटर निघते, साखर काढून उरलेल्या मळीपासून दहाएक लिटर. कारखान्याला त्याचा पैसा लवकर मिळतो आणि बिल वेळेवर निघायला मदत होते, हे दादांचे म्हणणे चुकीचे नाही.

पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी उष्णता असते. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. वीस टक्के मिसळले की लिटरमागची शक्ती शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. त्यातला निम्मा तोटा दहा टक्क्यांच्या वेळीच होऊन गेला होता. म्हणजे दहावरून वीसवर जाताना घट तीन टक्क्यांची, फार तर चारची. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरली आहे. तिसाचे एकोणतीस होतील. तिसाचे तेवीस होणार नाहीत. उरलेले सहा किलोमीटर हवा, चेन, फिल्टर आणि मनगट यांच्यात गेले होते.

मी हे पुतण्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे एक किलोमीटर तर दारूनेच खाल्ला की, काका." खाल्लाच. आणि त्या किलोमीटरचे पैसे पंपावर आपल्याला सुटत नाहीत, ही तक्रार मला रास्त वाटते. दादांनाही मी तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत.

जुन्या गाड्यांत इथेनॉलचा त्रास ॲव्हरेजपेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टींत होतो, आणि ते शेतकरी घरांनी नीट वाचावे. पहिली गोष्ट, इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात चार महिने गाडी अर्ध्या टाकीनिशी छपरात उभी राहिली, तर टाकीतल्या दमट हवेतले पाणी त्यात मुरत जाते. प्रमाणाबाहेर झाले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, पत्र्याची टाकी आतून गंजते, आणि गाडी दसऱ्याला सुरू होत नाही. गाडी उभी करायचीच असेल तर टाकी भरून ठेवावी म्हणजे आत हवेला जागा राहत नाही, आणि पंधरा दिवसांनी एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. कार्ब्युरेटरच्या गाडीची पेट्रोलची वाटी खालच्या स्क्रूने रिकामी करावी. दुसरी गोष्ट रबराची. २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांच्या नळ्या आणि वायसर वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. नळी कडक झाली, तडकली, बोटाला चिकट लागली किंवा पेट्रोलचा वास येऊ लागला, तर लगेच बदलावी. नळीची किंमत ती काय! आगीची किंमत मोठी.

कार्ब्युरेटरच्या गाडीत आणखी एक भानगड असते. पेट्रोल नीट जळायला वजनाने जवळजवळ पंधरापट हवा लागते, इथेनॉलला नऊपटच. इंजेक्शनच्या गाडीत धुराड्यातला प्राणवायू मोजणारा संवेदक असतो, तो फवारा थोडा वाढवून मेळ घालतो. कार्ब्युरेटरचे भोक तेवढेच राहते, त्यामुळे मिश्रण पातळ पडते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, मूठ पिळली की अडखळते. म्हणून जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल तर अनुभवी मिस्त्रीकडून मिश्रण जुळवून घ्यावे.

महागडे जादा ऑक्टेनचे पेट्रोल टाकले तर ॲव्हरेज वाढते का, असे मला पुष्कळजण विचारतात. या गाडीचा दाब साडेनऊस एक आहे. तिला साधे पेट्रोल पुरते, जादा पैसे टाकून हाती काही लागत नाही. तसेच घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणारे आमचे काही बंधू आहेत. कुंभार्ली घाटात मी हे डोळ्यांनी पाहतो आणि पोटात गोळा येतो. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना मूठ पूर्ण सोडली, तर ती पेट्रोलचा फवाराच थांबवते. न्यूट्रलवर उलट इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब जळत राहते. बचत शून्य, आणि सगळा भार ब्रेकवर.

एवढे झाल्यावर दादांशी बोलायची वेळ आली. खर्चाचा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले, तर पंचवीसच्या ॲव्हरेजने चोवीस लिटर आणि तीसने वीस लिटर. चार लिटर वाचले. पण घरातली शंभर सी. सी.ची जुनी गाडी हेच काम दहा लिटरमध्ये करते. तेव्हा दुधाचे कॅन हिमालयनवर न्यायचे नाहीत, हे दादांचे म्हणणे मी पुतण्याला मान्य करायला लावले. एवढी जड गाडी दहा लिटर दुधासाठी गावातून चार वेळा थांबवत-चालवत नेणे यात शहाणपण नाही. त्याने नाक मुरडले, पण कबूल झाला.

मग लेहचा प्रश्न. इथे पैशापेक्षा गोष्ट मोठी होती. मनालीकडून लेहला जाताना लाहौलमध्ये तांडी नावाचे ठिकाण लागते. तिथल्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी कित्येक वर्षे होती, आणि त्या वाटेने जाणारे तिचे फोटो काढत. हिमालयनची टाकी पंधरा लिटरची. पंधराला तेवीसने गुणा : ३४५. म्हणजे पुतण्या ज्या ॲव्हरेजच्या बढाया, किंवा तक्रारी, सांगत होता, त्या ॲव्हरेजने तो लेहच्या अलीकडे वीस किलोमीटरवर ढकलगाडी करत बसला असता. मधे तंबूवाले बाटलीतून पेट्रोल विकतात म्हणे, पण त्यात काय मिसळले असेल याची हमी कोण देणार? वाट पाच हजार मीटरच्या वरून जाते. तांगलांग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब खालच्यापेक्षा जवळपास निम्मा. माणूस धापा टाकतो तसे इंजिनही. ताकद कमी, चढ जास्त, खालचे गिअर जास्त वेळ. इंजेक्शनची गाडी हवेप्रमाणे पेट्रोल कमी करते, कार्ब्युरेटरची गाडी मात्र तेवढेच ओतत राहते आणि काळा धूर सोडते.

दादांनी वही मागून घेतली. चष्मा लावून चारही टाक्या वाचल्या. शेवटी ३१.४ या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या चालीनं जाणार असला तर जाऊ दे." आणि पाच लिटरचा पत्र्याचा घट्ट झाकणाचा कॅन बरोबर न्यायची अट घातली. या गाडीला टाकीच्या बाजूच्या सांगाड्यावर कॅन बांधायची सोय आहे, ती त्यांनी स्वतः हलवून पाहिली.

मंडळी १२ जुलै २०२५ रोजी निघाली. रोज रात्री फोन यायचा तो वहिनींना : जेवलास का, थंडी आहे का. दादा बाजूला बसून ऐकत. तांडीला टाकी खुणेपर्यंत भरल्याचे त्यांना कळले होते. त्यानंतर दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. वहिनींनी डोळे पुसत फोन दादांकडे दिला. घर सोडून महिना झाल्यासारखा त्यांचा आवाज. पण विचारले काय? "लेहला किती बसलं?"

पलीकडून तो म्हणाला, "३६८ किलोमीटर, १२.९ लिटर, दादा. साडेअठ्ठावीस पडलं. कॅन तसाच हाय."

दादांनी जरा वेळ हिशेब केला. मग म्हणाले, "दोन लिटर उरलं की रं," आणि वैरण टाकायला गेले.